पहिल्या पुनवेला विकलेली जाग

२० फेब्रुवारी

आले बाई एकदाची दैगूला, लेकाच्या शहरात! लेकाने बसस्टँडवरून आधी झोपेच्या दवाखान्यात नेलं आणि मग घरी, म्हणून या वहीचा पहिला मान दवाखान्याचा. डॉक्टरीण माझ्या नातीपेक्षा थोडीच मोठी दिसत होती, केस पोरासारखे कापलेले. तिने ही कोरी वही हातात ठेवली आणि म्हणाली की आजी, रोज लिहायचं. कधी आडव्या झालात, कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, काय खाल्लंत. मी म्हटलं, अगं पोरी, मी एकाहत्तराव्या वर्षी अक्षरं शिकले, माझं लिहिणं म्हणजे टोपलीत फेकलेला लसूण. तर म्हणते, लसूण तर लसूण, पण खोटं लिहू नका. मला ती आवडली.

घर चौदाव्या मजल्यावर आहे. इतक्या उंच मी फक्त डोंगरावर गेले होते, तेही मशरूम शोधायला. बटण दाबलं की जमीन गरम होते. गावाला चुलीत लाकडं सारून सारून माझे डोळे गेले, आणि इथे बोटाने ऊब! लेक ब्योंगहो दोन दिवस राहून परत जहाजांच्या कारखान्यात जाणार, महिन्यातून दोनदा येतो. म्हणजे घरात आम्ही तिघीच. मी, सून आणि नात येसुल. येसुल आता बारावीला जाणार. गालावर एक पुटकुळी, हातात सतत शब्दांची चिटोरी. मला पाहून धावत आली आणि म्हणाली, आजी, तुझ्या अंगाला लसणाचा वास येतो, मस्त!

सुनेचं नाव मिरान. पण मी तिला नावाने कधी हाक मारली नाही. आमच्यात तसं कुणी मारतच नाही, पोर झालं की आईला पोराच्याच नावाने बोलवायचं. त्यामुळे या घरात मी ‘येसुल’ म्हटलं की कधी आई येते, कधी लेक. सुराने कळतं त्यांना. सुनेला हाक मारताना माझा आवाज थोडा चढतो म्हणे. असं येसुल म्हणते, मी नाही.

आडवी झाले दहाला. झोप लागली नाही. उठले पाचला.

आणि म्हातारा आला. खोटं लिहू नका म्हणाली ना, म्हणून लिहिते. आमचा म्हातारा जाऊन चौदा महिने झाले, तेव्हापासून मला झोप नाही, आणि झोप नसली की तो येऊन पायाशी बसतो. माझ्याकडे पाठ करून. जिवंत असतानाही असाच बसायचा, त्यामुळे मला त्यात नवल वाटत नाही. मी त्याला दिवसभरातलं सगळं सांगते. त्याला लिफ्ट कशी चालवता आली, हे मात्र देवच जाणे.

२३ फेब्रुवारी

उपाय चालू आहेत. डॉक्टरीण म्हणते की दुपारी डुलकी नाही, रात्री फोन नाही, वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, आणि सकाळी काही झालं तरी ठरल्या वेळेला उठायचं. सगळं केलं. त्यात माझंही घातलं. लाल बोरांचा काढा, जेवणात सॅलडची पानं, उशाशी चिरलेला कांदा. येसुल म्हणाली की आजी, तुझी खोली आहे की भाजीचं दुकान? गरम पाण्यात पाय घालून बसले तेव्हा ती पोरगीही शेजारी पाय सोडून बसली आणि तिथेच माझ्या खांद्यावर झोपली. तोंड उघडं, लाळ गळतेय. अठरा वर्षांची घोडी, पण झोपेत अगदी दोन महिन्यांची दिसते. मी हललेच नाही. पाणी गार झालं तरी नाही.

आडवी दहाला. झोप बहुधा पाऊण तास. म्हातारा होता.

२७ फेब्रुवारी

तेराव्या मजल्यावरच्या बाईने भिंतीवरच्या बोलायच्या डब्यातून तक्रार केली. रात्री दोन ते चार कुणीतरी टाचा आपटत फिरतं म्हणे. मीच ती. वीस मिनिटांनी उठा म्हटलं की मी उठते, आणि उठल्यावर माणूस चालणार नाही तर काय उडणार? सुनेने डब्यासमोर वाकून वाकून माफी मागितली, आणि डबा बंद झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, आई, तुम्ही रात्री जागताय ते ठीक, पण सगळी इमारत कशाला जागवताय?

हे कोण म्हणतंय? जी साडेनऊला भिंतीकडे तोंड करते आणि पाचच्या गजरालाच उठते ती! शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर आठशे पोरांचा भात ढवळते, दमत असेल, नाही म्हणत नाही. पण अशी झोपते की घोरण्याने बरण्यांची झाकणं वाजतात. मी दारात उभी राहून बघते. पोट कसं वर जातं, खाली येतं. इतकी झोप एका बाईला कशाला लागते? त्यातली थोडी मला मिळाली तर तिचं काय कमी होणार आहे?

३ मार्च

आज वर्षाची पहिली पुनव! पाच धान्यांचा भात केला, नऊ रानभाज्या परतल्या, पहाटे अक्रोड दाताने फोडला. दात शाबूत आहेत अजून.

आणि एक गंमत केली. वहीत लिहू की नको असं झालंय, पण हसू आवरत नाही.

या दिवशी सूर्य उगवायच्या आत कुणाला तरी हाक मारायची, त्याने ओ दिली की ‘माझा उन्हाळा तू घे’ म्हणायचं. मग वर्षभर आपल्याला उकडत नाही, ज्याने ओ दिली त्याला आपल्या वाटचाही घाम येतो. लहानपणी आम्ही यासाठी पहाटे पहाटे कुंपणामागे दबा धरून बसायचो. मैत्रीण सुन्नामला मी सलग चार वर्षं उन्हाळा विकला, बिचारी ओ द्यायची थांबेच ना.

मला रात्री विचार आला, उकाडा विकता येतो तर जागरण का नाही? म्हातारा पायाशी होता, त्याला विचारलं. तो पहिल्यांदाच थोडा ताठ बसल्यासारखा वाटला.

पाचला थोडा वेळ होता. सुनेच्या दाराबाहेर उभी राहिले आणि सूर चढवून हाक मारली, येसुल!

ओ आली. पण मागून.

नात संडासातून येत होती, डोळे अर्धे मिटलेले, केसांचं घरटं. म्हणाली, काय गं आजी? आणि माझ्या तोंडातून वाक्य सुटलं होतं, माझं जागरण तू घे. बाण सुटल्यावर धनुष्य काय करणार? तिला वाटलं उन्हाळ्याचाच खेळ आहे. हसली, म्हणाली, घेतलं घेतलं, आणि जाऊन परत झोपली. लगेच घोरायलाही लागली. म्हटलं, चला, काही लागू पडलं नाही, पोरीला झोप लागलीच की. आज तिच्या बारावीचा पहिला दिवस, तिला अंडं जास्तीचं वाढलं.

४ मार्च

झोपले! आठ तास! दहाला आडवी झाले आणि एकदम सहा वाजले. मध्ये काहीच नाही. स्वप्नही नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा! सकाळी आरशात बघितलं तर गाल भरलेले. लसणाची माळ गळ्यात घालून नाचावंसं वाटलं. म्हातारा आला की नाही ते कळलंच नाही, झोपले होते ना.

१२ मार्च

रोज झोपतेय. नऊ तास. डॉक्टरणीला फोन केला, ती म्हणाली, बघा, दिनक्रम पाळला की होतं. मी म्हटलं, हो हो.

येसुल खूप अभ्यास करते. रात्री उशिरा तिच्या खोलीत दिवा दिसला असं सून म्हणाली. मला कुठून दिसणार, मी झोपलेली.

२४ मार्च

घरात सण! चाचणी परीक्षेत येसुल वर्गात सव्विसावी होती ती चौथी आली. सुनेने डुकराचं मांस भाजलं आणि ब्योंगहोला फोनवर दोनदा सांगितलं. शेवटी तो म्हणाला, अगं ऐकलं, चौथी, चौथी! आमच्याकडे म्हणतात ना, चार तास झोपणारा पास, पाच तास झोपणारा नापास. येसुल म्हणाली की मी तर शून्य तास झोपते, म्हणजे मी राष्ट्राध्यक्ष होणार. सगळे हसलो. मीही हसले.

मग भांडी घासताना तिने मला हळूच सांगितलं, की ती खरंच झोपत नाही. तीन आठवडे झाले. डोळे मिटते, पण डोळ्यांच्या मागे दिवा जळत असल्यासारखं वाटतं. तिचा हात हातात घेतला. गरम होता, जमिनीसारखा.

मला कळलं. लगेच कळलं. पण म्हटलं, बोरांचा काढा देते.

२९ मार्च

गावाला सुन्नामला फोन लावला. सगळं सांगितलं. आधी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, अगं तोगिम, लोक वैऱ्याला विकतात, तू नातीला विकलंस? आणि मला का नाही विचारलंस विकण्याआधी? उकाडा जातो शरद ऋतूत. जागरणाला कसला ऋतू?

उपाय आहे म्हणाली. थंड जेवणाच्या सणाला, पाच एप्रिलला, मी म्हाताऱ्याच्या थडग्यावर गवत साफ करायला जाणारच आहे. येसुलला बरोबर न्यायचं, थडग्यासमोर तिला तिच्या नावाने हाक मारायची आणि माझं मला परत दे म्हणायचं. तो दिवस गेला की मग पुढच्या पहिल्या पुनवेपर्यंत काही होत नाही.

म्हटलं, नेते. आठवडाच तर आहे. तोवर तरी झोपून घेते. आज दहा तास.

५ एप्रिल

येसुलला नेलं नाही.

सुनेला विचारलं, तर म्हणाली, आई, रविवारी तिची शिकवणी आहे, थडग्याला हात लावून गुण मिळत असते तर मीच रोज गेले असते. मी आग्रह करायला हवा होता. केला नाही. येसुल दारात वाकून माझ्या बुटांची नाडी बांधत होती, म्हणाली, आजोबांना माझा नमस्कार सांग. मला वाटलं, आत्ता हात धरून ओढत न्यावं. आणि मग वाटलं, आज रात्री पुन्हा ते छत, ते घड्याळ, ती टकटक. पुन्हा ते सगळं. नको.

हे खोटं नाही, म्हणून लिहिते. नको वाटलं.

बसमध्ये बसले आणि झोपले. गाव आलं, गेलं. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने हलवून उठवलं तेव्हा अंधार पडला होता.

१२ एप्रिल

बारा तास.

येसुलने आज विचारलं, आजी, आजोबा दिसायला कसे होते, मी लहान होते तेव्हाचं नीट आठवत नाही. मी सांगितलं, नाक चपटं, डाव्या भुवईत खोक. तिने मान हलवली. म्हणाली, मग ते आजोबा नाहीत. रात्री माझ्या पायाशी येऊन बसतं ते, तू ज्याच्याशी बोलायचीस तेच ना? मी तीन रात्री त्याच्याभोवती फिरून बघितलं. त्याला समोरूनही पाठच आहे.

हे ती अशा आवाजात बोलली की जसं गणिताचं उत्तर सांगतेय.

चौदा महिने मी कुणाशी बोलत होते?

१३ एप्रिल

सुनेला सगळं सांगितलं. पुनव, हाक, जागरण, थडगं. तिने भात वाढता वाढता ऐकलं. मग म्हणाली, म्हणजे मला विकायला निघाला होतात ना आई? येसुल म्हणून तुम्ही तर मलाच हाक मारता. मी मान खाली घातली. वाटलं, आता ताट फेकते.

ती बसली. ताट स्वतःकडे ओढलं. आणि मग म्हणाली, जाऊ द्या, माझ्या तरी काय कामाचं होतं? पोरीच्या कामी आलं. नोव्हेंबरात मोठी परीक्षा आहे. नंतर घ्या परत.

मी म्हटलं, नंतर होत नाही, पुढच्या पुनवेलाच. तर म्हणते, मग पुढच्या पुनवेला. परीक्षा आधीच आहे ना? बाकीच्या आया लाखो खर्च करून पोरांना दोन तास जास्त जागवतात. माझ्या हातांकडे बघा. तिने हात पुढे केले, वाफेने भाजलेले, नखं नसल्यासारखे. म्हणाली, ही पोर भात ढवळणार नाही.

मी ताटातला भात संपवला. मला बरंही वाटलं, तेही लिहायला हवं.

२४ एप्रिल

दवाखान्यात गेले. डॉक्टरणीने वही नुसती चाळली, झोपेचे आकडे बघितले, आणि खूश झाली. बाकी माझा लसूण तिला वाचता येईना. बाहेरच्या म्हाताऱ्यांना माझं उदाहरण दिलं, बघा या आजी, नियम पाळले आणि चौदा तास झोपतात. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चौदा जरा जास्त आहेत, कमी करा म्हणाली. मी विचारलं, कसं करायचं? ती हसली. म्हणाली, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही.

नातीचं सांगणार होते. सुनेने बजावलं होतं, गोळ्या दिल्या तर पोर मठ्ठ होईल. नाही सांगितलं.

येसुल पहिली आली. सगळ्या शाळेत.

९ मे

तेराव्या मजल्यावरची बाई वर आली, स्वतः, चप्पल घालून. आधी एकाच्या टाचा वाजायच्या, तेव्हा मी बोलले, म्हणाली. आता दोघांची पावलं आहेत. एक पोरीची, हलकी. दुसरी नुसती घासत जातात, बाल्कनीपर्यंत, आणि तिथे थांबतात. सुनेने वाकून माफी मागितली. बाई माफी घ्यायला थांबली नाही. म्हणाली, मला माफी नको, तुमच्या घरात कोण आहे ते सांगा.

१७ मे

सोळा तास झोपते. भाताचा घास तोंडात ठेवून झोपले, सुनेने गालातून काढला.

येसुलचे डोळे मिटतच नाहीत आता. पापण्या आहेत, पण खाली येत नाहीत. ओल्या फडक्याने पुसते ती. तिने मला समजावून सांगितलं, हळूहळू, लहान पोराला सांगावं तसं, कारण मी मध्ये मध्ये पेंगत होते. घरात दुसरं कुणी जागं असलं की ते बसून राहतं. सगळे झोपले की उठतं. बाल्कनीची काच सरकवतं. तिला बोलवत नाही. नुसतं बाहेर बघत उभं राहतं, जशी आई पोर यायची वाट बघते. आणि काच उघडली की तिला झोप येते म्हणाली. तिथेच. फक्त तिथे. कठड्यापाशी गेलं की डोळ्यांमागचा दिवा विझायला लागतो, आजी, इतकं छान वाटतं.

मी तिला घट्ट धरलं. आणि धरता धरता झोपले.

१८ मे

कडीला तार बांधली. सुनेनेच बांधली, पक्कडीने.

१९ मे

तार सकाळी माझ्या उशीवर. नीट गुंडाळलेली.

२३ मे

सून आणि मी पाळीने जागतो. म्हणजे ती जागते. मी पाळी घेते आणि झोपते. काल तिने माझ्या थोबाडीत मारली, जागं करायला. बरं केलं. ती पाच वाजता भात ढवळायला जाते. भाताच्या पातेल्यात पडता पडता वाचली म्हणे.

ब्योंगहोला फोन केला. बारावीची पोरं असंच वागतात म्हणाला. रजा नाही. जहाज पाण्यात सोडायचंय.

शेवटी येसुलला दवाखान्यात नेलं, डॉक्टरणीने तिला झोपेची सुई दिली. दोन दिल्या. पोरगी तिच्याकडे बघत राहिली, झालं का विचारत. डॉक्टरीण बाहेर जाऊन उभी राहिली, मग परत आलीच नाही.

२८ मे

परत मागितलं. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून. येसुल, माझं मला दे. शंभर वेळा म्हटलं. सुन्नाम म्हणाली तसंच झालं — काही नाही. येसुल म्हणाली, आजी, घे ना, घे, मी देतेय की — आणि रडली. डोळे न मिटता.

पाच एप्रिलला मी बुटांची नाडी —

३१ मे

एकोणीस तास. बहुतेक. सून सांगते तेवढंच कळतं.

काल रात्री सुनेचा डोळा लागला होता, दहा मिनिटं. येसुल कठड्यावर बसलेली सापडली, पाय बाहेर. सुनेने केस धरून ओढलं.

चार तारखेची सराव परीक्षा द्यायची नाही, म्हणाली सून. मग तासाभराने म्हणाली, देऊ दे. बघू.

२ जून

सून डोंगरावर जायचं म्हणतेय. दगडी टोपीच्या बुद्धाकडे. तो मनापासून मागितलेली एकच इच्छा देतो. रात्रभर हजार नमस्कार घालायचे, तरच. उद्या संध्याकाळी जाणार, परवा सकाळी येणार.

मी विचारलं, काय मागणार? झोप की परीक्षा?

कामावर जायला बूट घालत होती. वर बघितलं नाही. म्हणाली, वर पोचले की ठरवते.

आणि मला म्हणाली, एक रात्र, आई. फक्त एक रात्र जाग्या राहा. तुम्हाला चौदा महिने येत होतं ना?

३ जून, संध्याकाळ

सून गेली. दुपारी मुद्दाम झोपले, पाच तास, म्हणजे रात्री — बघू. पाय बर्फाच्या पाण्यात. तिखट मिरचीची चटणी जिभेवर. उभी आहे. उभी राहून लिहितेय, फ्रिजवर वही ठेवून. लिहीत असले म्हणजे जागी आहे. येसुल समोर बसलीय, गुडघे पोटाशी. तिला गोष्टी सांगतेय. लसूण कसा लावतात. कांदा आणि लसूण यांचं भांडण.

ती म्हणाली, आजी, झोप आली तर झोप हं. मी रागावणार नाही.

मी म्हटलं, गप्प बैस.

रात्र

अकरा. जागी.

ते आहे. मला दिसत नाही, येसुल बोटाने दाखवते. तिच्या पायाशी. बसलंय. बसलंय तोवर ठीक.

साडेबारा. चटणी संपली. मांडीला सुई टोचते. रक्त येतं, दुखत नाही — जसं गरम जमिनीवर —

एक.

येसुल म्हणाली, आजी, तुझं अक्षर खाली चाललंय. सरळ केलं.

नाही झोपले. एकदाच डोळा — एकदाच. तिने हाक मारली, मी ओ दिली. ती म्हणाली, ते उठायला लागलं होतं. आता परत बसलं.

दोन असतील. खाली बसले. फक्त बसले. पाय दुखतात म्हणून. भिंतीला टेकले नाही — थोडी टेकले —

येसुल काहीतरी म्हणतेय. हळू. आवाज लांबून —

जागी आहे. लिहितेय ना.

किती छान वारा येतोय. जूनमध्ये असा गार वारा, काय सुख गं बाई. अंग कसं हलकं. येसुल, हा वारा कुठून — काच कुणी उघ